तिसरी शिट्टी

मी माझ्या सासूबाईंना ऐन मे महिन्यात स्लॅबवर कोंडलं आणि फुलसावंगीला निघून गेलो.

कोंडण्यापर्यंत चूक नव्हती. आमच्या उमरखेडात स्लॅबवर कुरडया वाळत घातल्या की वानरं येतात, आणि जिन्याचं दार उघडं दिसलं तर थेट स्वयंपाकघरात उतरतात. म्हणून राखणीला एक माणूस वर आणि दाराला आतून कडी, ही घरोघरची रीत. बायको बाहेरगावी होती. अर्ध्या घंट्यात उघडा म्हणून सासूबाईंनी बजावलं. गॅसवर वरणाचा कुकर होता. मी मनाशी ठरवलं, तिसरी शिट्टी झाली की कडी काढायची.

दोन झाल्या आणि फुलसावंगीला न्यायला सांगून ठेवलेल्या काळीपिवळी जीपचा हॉर्न दारात वाजला. मी मोठा दक्ष माणूस. गॅस बंद केला, पंखे बंद केले, बाहेरून कुलूप ओढून पाहिलं. तिसरी शिट्टी झालीच नाही. डोकं बिचारं काही विसरलं नव्हतं. ते इमानदारीनं तिची वाट पाहत बसलं होतं.

पंधरा किलोमीटरवर एका घरापुढे गाडी थांबली. आत कुणाचा तरी कुकर वाजला आणि मला जिन्याची कडी आठवली.

मागच्या सीटवर मी दोन पोत्यांत रुतलेला, मांडीवर कुणाची तरी पेटी. सासूबाईंचा फोन घरात चार्जिंगला, किल्ली माझ्या खिशात. शेजारणीला फोन लावला. तिनं शिडी लावून पाणी आणि छत्री वर दिली, पण म्हातारीचे गुडघे शिडी उतरू देईनात. मी कसाबसा बाहेर निघालो, तर परतीची गाडी नाही. बाभळीखाली पाऊण तास उभा राहिलो. सावलीत होतो, तरी टाळू भाजत होती.

शेवटी एका टेम्पोत उभ्यानं घरी पोचलो. कडी काढली. सासूबाई पाण्याच्या टाकीच्या हातभर सावलीत, ओला पदर डोक्यावर घेऊन, वर छत्री धरून बसल्या होत्या. चेहरा लालबुंद. मी कान धरायच्या बेतात होतो. त्यांनी एक कुरडई उचलून मोडून पाहिली.

"कुरडया मस्त वाळल्या, जवाईबापू," त्या म्हणाल्या. "तुमच्या भरवशावर कुरडयाच ठेवाव. मानूस नाही."