आधी आकडा, मग सुई

अंबरनाथ पूर्वेला जनावरांच्या दवाखान्यात आमच्या शेजारच्या सुमनमावशी कामाला होत्या. डॉक्टर तपासत असताना कुत्री-मांजरं धरून ठेवायच्या. कुणीही आलं की सगळ्यांदेखत त्यांचा पहिला प्रश्न, "खिशात किती हाय?" माणसं चिडायची.

उल्हासनगरचा एक कापडवाला म्हणाला, "मावशी, पैसे की चिंता मत करो."

"मी नाय करत शेठ, ही मांजर करते. तिसऱ्या दिवशी तुमी येनार नाय, हिला ठाव हाय." मग डॉक्टरांकडे वळून, "सायेब, आधी आकडा, मग सुई."

लाजेपोटी लोक पहिल्या दिवशी सगळ्या तपासण्यांना हो म्हणतात आणि औषधाच्या वेळी पैसे संपतात, हे त्यांनी फार पाहिलं होतं. आकडा कळला की त्या विचारायच्या, यातलं आजच काय करायला हवं, उद्यावर काय ढकलता येईल?

माझ्या बारावीनंतर कॉलेजच्या फीच्या खिडकीशीही त्यांनीच विचारलं होतं, "एकदम एवढे? हप्त्यानं चालंल का?" वडिलांनीच त्यांना सोबत नेलं होतं. मी लाजून लांब सरकलो होतो. हप्ते मिळाले. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो तो असा.

नोकरी लागल्यावर आम्ही बदलापूरला शिरगावात राहायला गेलो. आमच्या कुत्र्याला, राजाला, रक्ताचे जुलाब सुरू झाले, तेव्हा मी मावशींकडे गेलो नाही. ऑफिसच्या कपड्यांत त्या प्रश्नाला उत्तर देणं नको वाटलं. जवळच्या चकचकीत दवाखान्यात प्रत्येक तपासणीला "करा" म्हणालो. तिसऱ्या दिवशी सलाईनला पैसे उरले नाहीत. "आता बरा वाटतोय," असं खोटंच सांगून राजाला उचललं आणि रिक्षाने मावशींकडे नेलं.

मावशींना वाचता येत नव्हतं. पावत्यांची जाडी बोटांनी पाहिली.

"यात पाच दिवस सलाईन झालं असतं रं. इचारलं नायस?"

"लाज वाटली."

"एवढा शिकलास ना?"

डॉक्टरांनी सलाईन लावलं, पण उशीर झाला होता. संध्याकाळी राजानं मावशींच्या मांडीवर जीव सोडला.

गेल्या वर्षी मावशींनाच इस्पितळात न्यावं लागलं. खिडकीशी मी सगळ्यांदेखत, मोठ्यानं खर्च विचारला. हप्त्याचंही विचारलं. आकडा आमच्या खिशापलीकडचा होता आणि हप्ते नव्हते. "मावशी, मी बघतो काहीतरी," म्हणालो.

स्ट्रेचरवरून त्यांनी माझी बाही धरली. "इचारलंस, बरं केलंस. आता मला घरी ने."