नशामुक्त कंपनीचं गेट

गेटवर एका जागी बसलं की किस्से शोधावे लागत नाहीत, ते आपणच कार्ड पंच करून आत येतात. मी अंबडकडच्या एका कारखान्यात वॉचमन. पोरं चांगली हो, पण काही पावडरीच्या नादी लागली. नशेच्या पावडरीच्या.

*

साहेबांनी नोटीस लावली, सोमवारी सगळ्यांची लघवी तपासणार. सोमवारी निम्मी कंपनी रिकामी! एक पेठचा, एक सटाण्याचा, एक वणीचा, आणि प्रत्येकाच्या गावात नेमकी त्याच दिवशी जत्रा. तपासायला उरलो मी, कँटीनच्या मावशी आणि असेच सुपारीसुद्धा न खाणारे. सगळे पास. दुसऱ्या दिवशी गेटवर बोर्ड लागला, ‘आमची कंपनी नशामुक्त’.

*

पुढच्या खेपेला न सांगता तपासणी केली. रिपोर्ट बघून साहेब लालबुंद. कामगार पुरवणाऱ्या ठेकेदाराला म्हणाले, या सगळ्यांना आजच काढा.

ठेकेदार म्हणाला, “काढतो की. मशीनवर तुम्ही उभे राहता ना?”

रिपोर्ट कपाटात गेला. बोर्ड गेटवरच राहिला.

*

प्रेस मशीनवरचा दिलीप मात्र सरळ माणूस. हात थरथरायला लागले तसा स्वतःच साहेबांकडे गेला. पावडर घेतो, एक दिवस बोटं जातील, सुट्टी द्या, व्यसनमुक्ती केंद्रात दाखल होतो म्हणाला. साहेबांनी त्याच्या खरेपणाचं लय कौतुक केलं. आणि दुपारी त्याचं कार्ड जमा करून घेतलं.

*

बरा होऊन दिलीप काम मागायला परत आला. घर बायकोच्या फुलं तोडायच्या मजुरीवर चाललेलं. आत विचारलं, मधले महिने कुठं होतास? यानं खरं सांगितलं. जागा झाली की कळवू, म्हणाले.

रांगेत त्याच्या मागचा, डोळे तांबारलेला, म्हणाला गावी द्राक्षाच्या छाटणीला होतो. त्याला लगेच हेल्मेट!

मी म्हटलं, “लेका, तूही छाटणीलाच जायचंस.”

“बाबा, पावडर सुटली तशी खोटं बोलायची सवयही सुटली.”

*

मग कंपनीत व्यसनमुक्तीचा कार्यक्रम झाला. मंडप, माइक, आणि पाहुणा कोण? दिलीप! शाल, नारळ, फोटो. साहेब म्हणाले, अशा तरुणांची उद्योगाला फार गरज आहे. टाळ्या.

दिलीपनं माइक घेतला. “साहेब, मग उद्या फर्स्ट शिफ्टला येऊ का?”

टाळ्या थांबल्या. साहेबांनी त्याच्या खांद्यावरची शाल नीट केली.

“पुढच्या वर्षीपण बोलायला ये,” म्हणाले. “आणि चहा घेतल्याशिवाय जाऊ नकोस.”