जमनाबाईंनी समजावलेली हवा

खापर गावाजवळच्या आमच्या शाळेत जमनाबाई खिचडी शिजवतात. त्या स्वतः कधी शाळेत गेल्या नाहीत. मी नवीन रुजू झाले तेव्हाची गोष्ट. ग्लासाच्या तळाशी कापूस कोंबून मी तो पाण्याच्या बादलीत पालथा दाबला. कापूस कोरडाच राहिला. तो का भिजला नाही, ते मी मराठीत सांगितलं. पण दुसरीची मुलं नुसती बघत बसली. घरी भिली बोलणाऱ्या त्या मुलांना माझं मराठी कळलंच नव्हतं.

दारातून जमनाबाई म्हणाल्या, "मॅडम, मी सांगू?"

ग्लासात हवा आहे, ती पाण्याला आत येऊ देत नाही, हे त्यांनी भिलीतून समजावलं. लगेच छोटी रिना उठली. तिने ग्लास तिरका केला, बुडबुडे निघाले, कापूस भिजला. ती आनंदाने काहीतरी ओरडली.

"हवा पळाली म्हणते," जमनाबाई हसल्या.

आता माझं भिली बरं आहे. तेही त्यांनीच शिकवलं.