कोपरा कापलेलं कार्ड

१९७० सालची कोजागिरी झाल्यावरचा रविवार. खर्च दोन रुपये पंधरा पैसे. हजर मी एकटा.

एवढ्या पैशांत जाड पांढरा कागद, निळ्याकाळ्या शाईची दौत, लाल शाईच्या वड्या आणि पिवळा जिलेटिन कागद आला. सोनईला दिलेल्या माझ्या मुलीला दिवाळीला बोलवायचं होतं, त्यासाठी मी स्वतः कार्ड करणार होतो.

बायको जाऊन दीड वर्ष झालं होतं. मधली दिवाळी वर्षाच्या आतली, ती केलीच नाही. त्याआधी मुलीला बोलावणं धाडायचं काम बायकोचं असे. ती सांगायची, मी लिहायचो. मुलीला भाऊ नाही, त्यामुळे मुराळी म्हणून जाऊन तिला घेऊन येणारं कोणी नव्हतं. मला रजा मिळायची ती ऐन लक्ष्मीपूजनाला. म्हणजे सगळी भिस्त टपालावर. साधं पत्र वाचून कोनाड्यात खोचलं जातं. रंगीत कार्ड घरात हातोहात फिरेल, विहीणबाईंना बरं वाटेल आणि त्या मुलीला आठ दिवस सोडतील, असं मी धरून चाललो होतो. भिंगारच्या दोन खोल्यांत तेव्हा मी एका माणसापुरतं वरण शिजवत असे, आणि ते रोज उरत असे.

काम मला नवं नव्हतं. मी लष्कराच्या भांडारात मुलकी नोकर. लाकडी पेट्यांवर नंबर टाकायचे ते पत्र्याच्या साच्यातून, ब्रशाने. साचा नीट कापला की हजारावी पेटीही पहिलीसारखी दिसते. घरी पत्रा नव्हता. ट्रंकेत बायकोच्या छातीचा इस्पितळातला एक्स-रे फोटो होता. तो कढत पाण्यात धुण्याचा सोडा टाकून भिजत घातला. बऱ्याच वेळाने काळा थर सुटला, फासळ्या पाण्यात गेल्या आणि हाती स्वच्छ पारदर्शक फिल्म राहिली. तिच्यावर समई आणि दोन मोर काढून ब्लेडने कापले. फिल्म कागदावर ठेवायची, जुना दातांचा ब्रश शाईत बुडवून चहाच्या गाळणीवर घासायचा. बारीक तुषार उडतात आणि कापलेल्या जागेतून चित्र उमटतं.

आधी एका तुकड्यावर करून पाहिलं, तर लाल शाई फुटली. मोरांचे पाय पसरले. म्हणून चांगल्या कार्डावर सगळं निळ्याकाळ्या शाईतच केलं. चित्राखालचं बोलावणं, मागच्या बाजूला सोनईचा पत्ता आणि त्याखाली 'भिंगारहून', यातलं काहीच हाताने लिहिलं नाही. सगळं भांडारातल्या अक्षरांच्या साच्यांनी टाकलं, ओळ न ओळ सरळ.

नक्षी कापायला बाजारातल्या पट्टे शिवणाऱ्याकडून पंच आणला होता. शिपायांच्या कमरपट्ट्यांना भोकं पाडायची त्याची हत्यारं, वरून हातोडी मारली की चंद्रकोर, चांदणी कापली जाते.

"लेकीला धाडायचं व्हय?" त्याने विचारलं होतं. "मग चांदणी न्या. चंद्रकोरीची धार गेलीय."

"चंद्रकोरच दे. कोपऱ्याला बसते."

"बसंल, पन चावंल. मागनं मला बोल लावू नका."

ती चावलीच. वरच्या उजव्या कोपऱ्यावर हातोडी मारली तर चंद्रकोरीबरोबर सगळा कोपरा सुटून आला. दुसरा कागद नव्हता. मी तिथे मागून पिवळं जिलेटिन खळीने चिकटवलं. उजेडात धरलं की कोपरा दिव्यासारखा दिसे. मला ते मुद्दाम केल्याहून बरं वाटलं. पाकिटात घातलं नाही. चित्र वाटेत चार जणांनी पाहिलं तर पाहू दे, म्हणून तसंच तिकीट लावून सोमवारी पेटीत टाकलं.

गुरुवारी संध्याकाळी मी उरलेल्या जिलेटिनच्या पताका कापत बसलो होतो. दारात मुलगी उभी. केस मोकळे, पायांत चपला नाहीत. तिच्यामागे व्याही, खांद्यावर पंचा टाकलेले. मुलगी माझ्याकडे बघत राहिली आणि उंबऱ्यावरच खाली बसली.

"पाव्हणं," व्याही म्हणाले, "तुमी तर पताका कापताय."

"दिवाळी आहे ना."

"आन आमी तुमाला पोचवायला आलोय."

मग त्यांनी सांगितलं. जिलेटिन वाटेतच गळून पडलं होतं. पोस्टमनने कार्ड ओसरीवर टाकलं. काळी शाई, एक कोपरा नाही, आणि सरकारी कागदासारखा छापील पत्ता. मरणाच्या पत्राचा कोपरा फाडतात आणि ते घरात नेत नाहीत, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. विहीणबाईंना वाचता येत नाही. भिंगारचं एवढं शेजाऱ्याने वाचलं, तेवढं पुरलं. कचेरीने कळवलं असणार, असं सगळ्यांचं ठरलं. विहीणबाईंनी चित्राची बाजू न पाहता ते बाहेरच फाडलं, तुकडे नाल्यात टाकले. मुलगी बाजरीच्या रानात होती. तिला बोलावून आणून डोक्यावरून पाणी घातलं. भिंगारात कोणी नातेवाईक नव्हतं, तेव्हा पुढचं सगळं त्यांनाच पाहावं लागणार, म्हणून ते निघाले होते.

मुलगी उठली, चूल पेटवली, चहा ठेवला. डब्यातली साखर तिला न विचारता सापडली. चहा देताना म्हणाली, "आप्पा, हाताने दोन ओळी लिहायच्या होत्या. तुमचं अक्षर मी ओळखलं असतं."

मग तिने फिल्म उचलली. "दुसरं काढून द्या, चारी कोपरे ठेवून. सासूबाईंना दाखवते." कागद संपला होता, पताकांच्या खाली घेतलेल्या पुठ्ठ्यावर काढलं. व्याही वाकून बघत होते, त्यांच्या धोतरावर शाईचे ठिपके उडाले.

"लई झ्याक हाय की," ते म्हणाले. "मग त्याचा कोपरा कशापायी खाल्ला?"

मुलगी हसली. तेवढ्यावर मी विचारलं, "आलीच आहे, तर दिवाळीपर्यंत राहू दे."

व्याह्यांनी पंचा घडी करून मांडीवर ठेवला. "बाजरी उभी हाय, पाव्हणं. मानसं मिळंनात. आन घरात तिकडं रडारड झालीया, हिला आज माघारी नेली न्हाई तर लोकांस्नी खरंच वाटंल."

"मग आठ दिवसांनी धाडा."

"एका महिन्यात दोनदा म्हायेर? तिची सासू काय म्हनंल, ते तुमीच इचारा." पंचा पुन्हा खांद्यावर टाकून ते म्हणाले, "म्होरल्या साली बघू."

मुलीने कप विसळून पालथे घातले. मी तिच्याकडे पाहिलं, तिने मान हलवली नाही. शेवटच्या गाडीला वेळ थोडा होता. टांगा करून तिघं नगरच्या स्टँडवर गेलो. साडी घ्यायची राहिली होती, म्हणून तिच्यासाठी बाजूला काढलेले पंचवीस रुपये मी तिच्या हातात दिले. तिने ते पदराला बांधले. व्याही तिकिटाचे पैसे काढू लागले, तो हात मी धरला आणि गाडीत चढून कंडक्टरला सांगितलं, सोनई.

"किती?"

"दोन."

"आन तुमचं?"

"मी उतरतोय."

कंडक्टरला तीन रुपये वीस पैसे दिले.