आरमोरीचा भुशाचा डोंगर

डिसेंबरात आरमोरीहून मामेबहिणीचा फोन आला. त्यांच्या गावची एक पाय नसलेली मुलगी बर्फावर स्की करते, परदेशातल्या शर्यतींत उतरते आणि रविवारी राइस मिलमागच्या भुशावर सराव करणार आहे म्हणे. मला वाटलं, बाई थापा मारतेय. शेवटी स्वतःच बघायला निघाले.

आरमोरीसाठी नागपूरहून गडचिरोलीची एसटी पकडा, सकाळचीच. उमरेडपर्यंत रस्ता बरा, पुढे कंबर सांभाळा. नागभीडला तर्री-पोहे खाऊन घ्या. मी दोन प्लेट हाणल्या. त्यापुढे मोबाईलला रेंज नाही, नुसती कापणी झालेली धानाची सपाट शेतं. इथे डोंगरच नाही, तर ही पोरगी उतरणार कुठून?

मिलमागे भुशाचा ढीग होता, दुमजली घराएवढा. तिथेच वनिता भेटली. लहानपणी ट्रकखाली डावा पाय गेला. पुढे एका शिबिरातून हिमाचलात गेली, स्की शिकली, शर्यती जिंकल्या. गेल्या हिवाळ्यात पडली आणि उरलेल्या पायाचा गुडघा दुखावला. तेव्हापासून आजच पहिल्यांदा स्की बांधत होती.

"गुडघा टिकला तं पॅरालिम्पिकच्या निवडीले जातो," ती म्हणाली. "नाई तं संपलं."

वीटभट्टीसाठी ट्रकमध्ये भुसा भरणारे हमाल सगळे ढिगाच्या मागच्या बाजूला होते. पुढून सोपं नाही का, मी विचारलं.

"सोपं हाये बाई," एक म्हातारे हमाल म्हणाले. "पन समोरून काढला तं पोरीचा पहाड खचते. आमी कवाचे मागूनच भरून राह्यलो."

एका पायात एक स्की, हातांत टोकाला छोट्या पट्ट्या लावलेल्या काठ्या. दोघा हमालांनी तिला वर चढवलं. माथ्यावर ती नुसती उभी राहिली.

"काऊन थांबली वं?" खाली उभ्या तिच्या आईने विचारलं.

"भेव वाटून राह्यलं."

"मंग ये खाली. घरी जाऊ."

ती आली, पण स्कीवरून. एक वळण, दुसरं वळण, भुशाची सोनेरी धूळ, आणि पायथ्याशी तोंडावर आपटली. हमालांचे हात थांबले. वनिताने गुडघा वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला.

"न्या मले वर," ती म्हणाली.

असं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं.

घरी आल्यावर आठवडाभर स्वेटरमधून भुसा निघत होता. नवरा वैतागला, तरी मी स्वेटर धुतला नाही. फेब्रुवारीत हिमाचलातून वनिताचा फोन आला. गुडघा टिकला होता, निवडीच्या पुढच्या फेरीत तिचं नाव लागलं होतं.

"बरफ तं भुशाहून सोपा हाये, ताई," ती म्हणाली. "खाली पोचलो अन् मागं वळून पाह्यलं. ट्रक भरनारं कोनीच नोतं."