जाहिराती अडवणाऱ्या ताई

स्थळ पाहायला कुणी समोर येऊन बसलं की ताई आधी आपला तळहात कॉम्प्युटरच्या पडद्यावर ठेवायच्या. "थांबा जी, पहिले मले पाहू द्या." मग मान वाकडी करून बोटांच्या फटींतून स्वतः डोकावायच्या, पान वर-खाली सरकवायच्या आणि खात्री पटल्यावरच पडदा पाहुण्यांकडे वळवायच्या. काचेवर त्यांच्या पंजाचा तेलकट ठसा कायम असायचा. तो पुसणं हे माझं काम.

मी ताईंच्या वधूवर सूचक मंडळात नोकरीला नव्हतो. मी तिथे वर होतो. म्हणजे नाव नोंदवलेला. नागपुरातल्या महाल भागात एका शाळेमागच्या खोलीत मंडळ भरायचं. मी नोंदणी केली तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते आणि मनात अपेक्षा होत्या, पुढे दोन्ही विरळ होत गेली. व्यवसाय म्हणून मी 'संगणकतज्ज्ञ' असं ठोकून दिलं होतं. खरं तर मी प्रिंटरची शाई विकायचो. ताईंनी ते खरं मानलं आणि मंडळाचा एकुलता एक कॉम्प्युटर माझ्या गळ्यात बांधला. मला स्थळं येईनात, कॉम्प्युटरला बिघाड मात्र नेमाने येत. येता-जाता ताई म्हणत, "तुह्यं लग्न होईपर्यंत आपली मशीन ठीक राहील गा." मशीन अजून ठीक आहे, यावरून काय ते समजा.

तो तळहात कसा सुरू झाला, ते सांगतो. मंडळाची वेबसाइट फुकटच्या जागेवर होती, त्यामुळे तिच्या दोन्ही कडांना जाहिराती लटकत. मला एकदा रामटेकचं स्थळ आलं. आदल्या दुपारी ताई जेवायला गेल्या असताना मी त्याच कॉम्प्युटरवर टकलावरचे उपाय शोधले होते. दुसऱ्या दिवशी ताईंनी पडदा वळवला, तर माझ्या जुन्या, भरघोस केसांच्या फोटोच्या डावीकडे विग, उजवीकडे तेल आणि वर ठळक अक्षरांत 'खास तुमच्यासाठी'. मुलीच्या आईनं आधी फोटो पाहिला, मग जाहिरात पाहिली आणि शेवटी मला पाहिलं. नागपूरच्या एप्रिलमध्ये हा माणूस लोकरी टोपी घालून का बसलाय, याचा उलगडा तिला तिथल्या तिथे झाला.

ते लोक गेल्यावर ताई पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मीही हसलो, करणार काय. मग त्यांनी पदरानं डोळे पुसले.

"तुह्या टकलाचं ठीक आहे गा," त्या म्हणाल्या. "उद्या एखाद्या पोरीचं काही असं निघालं तं?"

मी त्याच दिवशी ॲडब्लॉकर बसवला. जाहिराती नाहीशा झाल्या. ताईंचा तळहात मात्र राहिला. यंत्रावर आणि माझ्यावर, दोघांवरही त्यांचा पुरता विश्वास नव्हता.

त्यांचा खरा विश्वास होता सांगण्याच्या वेळेवर. कुणाच्या मुलीला फिट येऊन गेलेली असे, कुणाच्या मुलाचं आधीचं लग्न मोडलेलं असे. ताई असलं काही लपवत नसत, पण ते माहितीत लिहूही देत नसत. आधी घरच्यांची बैठक, मग मुलगा-मुलगी दोनदा बोलणार, आणि दोघांच्या तोंडावर जरा उजेड दिसला की ताई समोरच्या घरच्या आईला आतल्या खोलीत नेत आणि स्वतः सांगत. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, "पहिले माणूस, मंग डाग." आतल्या खोलीत काय बोलत कोण जाणे, पण त्या खोलीतून बाहेर आलेली बहुतेक लग्नं टिकलेली मी पाहिली आहेत. मला काही त्या खोलीत कधी नेलं नाही. माझा डाग दुरूनच दिसत होता.

मौद्याच्या शाळेत शिकवणारी एक मुलगी होती. मनगटांवर आणि मानेमागे पांढरे डाग, म्हणजे कोड. ती पूर्ण बाह्यांचे कपडे घालायची आणि फार छान हसायची. ताईंचा तिच्यावर जीव होता. नरखेड तालुक्यातल्या एका संत्रेवाल्या घरानं तिचा फोटो पसंत केला. मुलगा शिकलेला, शेती पाहणारा, बोलायला मऊ. ताई कुणाला सांगत नव्हत्या, पण हे जुळावं म्हणून त्यांनी गुरुवार धरले होते. ठरलं असं की रविवारी मुलाची आई आणि मुलीचे वडील मंडळात भेटतील. त्यानंतर मुलगा-मुलगी बोलतील आणि मग ताई सांगतील. मुलगी म्हणाली होती, "तुम्ही म्हणाल तव्हा, ताई."

नेमकं त्याच आठवड्यात ब्राउझरनं परस्पर कळवलं, हा ॲडब्लॉकर यापुढे चालणार नाही, बंद केला आहे. खाली 'समजलं' असं एकच बटण. 'नाही समजलं' म्हणायची सोयच नव्हती. आणि कडांना पुन्हा सगळी जत्रा हजर.

"काहून? आपण तं काही केलं नाही," ताई म्हणाल्या.

मी समजावलं की ज्या कंपनीचा हा ब्राउझर, तिची कमाईच जाहिरातींवर आहे. जाहिराती अडवणाऱ्याला ती स्वतःच्या घरात किती दिवस ठेवणार?

"म्हणजे घरमालकानंच आपल्या दाराची कडी काढून नेली म्हणा ना. मंग घर बदल."

मी घर बदललं. नवा ब्राउझर बसवताना भाषा निवडण्यात हात चुकला आणि तो कुठल्याशा अगम्य लिपीत उघडला. अर्धी दुपार आम्ही दोघं चित्रं ओळखून बटणं दाबत बसलो. "तज्ज्ञ कोणत्या बाजूनं आहेस गा तू?" ताईंनी विचारलं. अखेर तो मराठीवर आला, ॲडब्लॉकर बसला. तरी ताईंचं समाधान नाही. त्यांनी स्वतः खुर्चीवर बसून, एका बोटानं एकेक अक्षर दाबत कोडावरचं मलम शोधलं. मग मंडळाचं पान उघडलं. दोन्ही कडा कोऱ्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडून पाहिलं, तरीही कोऱ्या. तेव्हा कुठे त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला.

रविवारी सगळं छान चाललं होतं. मुलाच्या आईनं पडद्यावर फोटो पाहिला, पुन्हा पाहिला. मुलीचे वडील एसटीतून निवृत्त झालेले, साधे, लेकीच्या कौतुकानं भरलेले. ते म्हणाले, आमच्या मुलीच्या शाळेची बातमी आली आहे, तिचा फोटो आहे त्यात. आणि त्यांनी आपला मोबाइल काढून ती बातमी उघडून बाईंच्या हातात दिली.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघांनी मंडळाच्या मशीनला कुंपण घातलं होतं आणि बापाचा खिसा उघडाच होता. त्या माणसानं त्या फोनवर लेकीसाठी काय काय शोधलं असेल, हे तुम्हीही ओळखाल. बातमीच्या दर दोन ओळींनंतर हात दिसत होते. डाग असलेला हात, शेजारी डाग गेलेला हात. दुसऱ्याच्या फोनवर ताई तळहात कसा ठेवणार?

मुलाच्या आईनं बातमी पूर्ण वाचली. फोन अदबीनं परत केला.

"आमच्या फोनमधी मोटरपंपाच्या येतात," ती म्हणाली. "ज्याले जे लागते, त्याले ते दाखवतात म्हणे."

वडील म्हणाले, "हो जी, फारच जाहिराती झाल्या आजकाल." आणि हसले. त्यांना काहीच उमगलं नव्हतं.

ताई मुलाच्या आईला लगेच आत घेऊन गेल्या. दार पुरतं लागलं नव्हतं, आणि मी त्या दाराजवळच्या वायरी नीट करण्याचं सोंग करत होतो. ताईंनी सगळं सांगितलं. मुलीचं शिकवणं सांगितलं, डाग सांगितले, हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही हे सांगितलं, मी पुढच्या भेटीनंतर सांगणारच होते हेही सांगितलं. बाई भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

"तुम्ही सांगतलं असतं तं आमी इचार केला असता, ताई," ती म्हणाली. "आता तं पकडल्यासारखं झालं."

खरंच विचार केला असता का? मला वाटतं, नसता केला. पण न केलेल्या विचाराचा मोठेपणा त्या बाईला फुकटात मिळाला आणि लबाडीचा शिक्का मात्र मौद्याच्या मुलीवर बसला.

वडील पुढे कितीतरी दिवस विचारत राहिले, नरखेडकडून काही आलं का. ताईंनी त्यांना पत्रिका जुळली नाही म्हणून सांगितलं. ज्या बाईनं जन्मभर सत्य योग्य वेळी सांगण्याचा धंदा केला, तिनं हे खोटं इतक्या सफाईनं सांगितलं की मी पाहतच राहिलो. मग 'फोन हळू झाला आहे' असं काहीतरी निमित्त काढून माझ्याकडून त्या फोनवरही नवा ब्राउझर बसवून घेतला. मी बसवला. वडिलांनी माझे आभार मानले, फोन एकदम हलका वाटतो म्हणाले.

वडिलांनी फोनवर बातमी दाखवल्याचं सांगितलं तेव्हाच मुलीला मात्र कळलं होतं. ती एका संध्याकाळी शाळेतून थेट आली, एकटीच. नवा फोटो आणला होता. त्यात बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, केस वर बांधलेले, मान थोडी वळवलेली. सगळं दिसत होतं.

"हा लावा," ती म्हणाली. "आन् सर्वात वर लिहून टाका. पहिल्या ओळीत."

ताई नाही म्हणाल्या. समजावलं, रागावल्या, थोडा वेळ घे म्हणाल्या. ती ऐकेना. शेवटी ताईंनी होकाराची मान डोलावली आणि मी फोटो चढवला. ती गेल्यावर मी, जिथे तोंड उघडू नये तिथेच उघडणारा माणूस, म्हणालो, "काय धाडस आहे हो पोरीत!"

ताई खिडकीकडे पाहत होत्या. "धाडस नोहे गा ते," त्या म्हणाल्या. "थकली पोरगी."

त्यानंतर ताईंचं येणं कमी झालं. मंडळात गुडघ्यांचं कारण सांगतात. मी एकदा घरी गेलो होतो. गुडघे ठीक होते. परत कधी येता विचारलं, तर म्हणाल्या, "मी येऊन काय करू? सारं तं लिहूनच आहे आता." मग मला पोहे खाऊ घातले आणि मंडळाबद्दल एक अक्षर विचारलं नाही.

आता रविवारी पडदा मी वळवतो. लोक समोर बसतात, स्वतःच पान सरकवतात. कडेला एकही जाहिरात नसते. नवा ब्राउझर चोख काम करतो, लोकही म्हणतात, तुमच्याकडे किती स्वच्छ दिसतं हो. कोऱ्या पानावर एकेक मुलगी येते आणि जाते. मौद्याच्या मुलीचा फोटो आला की स्थळ पाहायला आलेल्या मुलाच्या आईचं बोट त्यावर जरा थांबतं. ती पहिली ओळ वाचते, शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे बघते आणि खालच्या फोटोकडे सरकते.