यशवंतरावांचे गार रांजण

सौंसरच्या बसस्टँडवर संत्र्यांचे अडते यशवंतराव यांनी वडिलांच्या नावाने पाणपोई घातली होती, ती तहानलेल्यांसाठी कमी आणि स्वतःसाठी जास्त. नागपूरची बस लागली की ते मुद्दाम तिथे जाऊन उभे राहत. कुणी "पाणी गार आहे हो" म्हटलं की त्यांचा हात आपोआप मिशीकडे जाई.

१९८६चा मे महिना. तट्ट्यांच्या सावलीत तीन रांजण, भोवती ओलं गोणपाट आणि पाणी पाजायला म्हातारी शकुबाई. पाऊस पडेपर्यंत एकही रांजण रिता होऊ द्यायचा नाही, असा नवस यशवंतरावांनी बोलला होता. म्हणून शकुबाई रोज वरून भर घाली. तळ कुणी घासलाच नाही. पाण्यात काही वळवळू लागलं तशी ती फडक्यातून गाळून देऊ लागली. यशवंतरावांना वाटलं, पाणपोईची सोय वाढली.

मग स्टँडवर भरदिवसा डास चावू लागले. पायांवर पांढरे पट्टे असलेले असले डास गावानं आधी पाहिले नव्हते. जुन्या टायरांच्या ट्रकांतून आले म्हणे. जवळच्या आडतीवर बसणारा यशवंतरावांचा मुलगा अनिल तापानं पडला, आणि त्याची हाडं न् हाडं दुखू लागली.

"रांजण रिकामे करा जी," त्यांच्या पत्नी वच्छलाबाई म्हणाल्या.

"तुले काही समजते का? पंचेचाळीस डिग्री तापून राहिलं. माणूस भाजते, तं डास काय जगन?"

"बाहेर भाजते, म्हणूनच तं थे तुमच्या रांजणात येऊन राहिले. ना लई थंड, ना लई गरम. आठ दिवसांत अळीचा डास होऊन उडते. जावयाची नाही ठेवली, इतकी बडदास्त ठेवली तुमी त्याइची!"

"अन् नवस मोडला तं?"

"पोरगा मोडून राहिला, त्याचं काय?"

यशवंतरावांनी टोपी नीट केली.

भर दुपारी वच्छलाबाई पाणपोईवर गेल्या. त्यांनी पहिला रांजण कलंडवला. अळ्यांचा गाळ तापलेल्या डांबरावर पडला आणि पाहता पाहता वाळला. दुसराही कलंडवला. तिसऱ्याला यशवंतरावांनी धावत येऊन मिठी मारली.

"हा एक राहू दे व! नवसापुरता!"

आयुष्यभर भाव पाडत आलेला माणूस, देवाशीही घासाघीस करायला चुकला नाही. बसमधले लोक खिडक्यांतून हसले. घरी पोरगा एकटा होता. वच्छलाबाई तशाच मागे फिरल्या.

काही दिवसांनी अनिल उठून बसला. यशवंतरावांनी त्याचं श्रेय तिसऱ्या रांजणाला दिलं आणि प्रत्येक बसला ती कथा ऐकवली. त्याच रांजणाला टेकून बसणाऱ्या शकुबाईला पुढच्या आठवड्यात तोच ताप भरला. तिला लेकीकडे लोधीखेड्याला न्यावं लागलं.

"ऐन उन्हात टाकून गेली," असं कुरकुरत यशवंतराव नवी बाई शोधू लागले.